जिल्ह्याची आकडेवारी खुली करताना: नव्याने रुजू झालेल्या सांख्यिकी कर्मचाऱ्यांसाठी

सांगली किंवा सातारा येथील जिल्हा सांख्यिकी कार्यालयात, पंचायत समितीत अथवा जिल्हा परिषदेच्या एखाद्या विभागात आकडेवारीच्या कामावर नव्याने रुजू झालेल्या व्यक्तीसमोर लवकरच दोन परस्परविरोधी मागण्या उभ्या राहतात. एकीकडे वरिष्ठ कार्यालय, महाविद्यालयातील संशोधक, पत्रकार आणि माहिती अधिकाराचे अर्जदार गावनिहाय, शक्य झाल्यास कुटुंबनिहाय आकडे मागत असतात. दुसरीकडे ज्या शेतकऱ्याने किंवा व्यावसायिकाने प्रगणकाला बसवून घेऊन उत्तरे दिली, त्याला ही माहिती शेजाऱ्याच्या, सावकाराच्या किंवा कर विभागाच्या हाती जाणार नाही, असे सांगितलेले असते. दोन्ही मागण्या रास्त आहेत, आणि म्हणून ‘माहिती द्यायची की नाही’ एवढाच प्रश्न विचारून भागत नाही. कोणाला, कोणत्या रूपात आणि किती बारकाव्याने द्यायची, हे प्रत्येक वेळी ठरवावे लागते. आपल्याकडे चूक बहुधा दोन्ही टोकांना होते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे: ज्या कोष्टकातून कोणाचेही काही उघड होत नाही त्यावर ‘गोपनीय’ असा शिक्का बसतो, आणि त्याच कोष्टकाची नावानिशी भरलेली मूळ एक्सेल फाइल मात्र व्हॉट्सॲपच्या गटावर सर्रास फिरते.

पुढील पायऱ्या शक्यतो याच क्रमाने घ्याव्यात, कारण पहिल्या दोन चुकल्या तर नंतरच्या कितीही काळजीपूर्वक केल्या तरी उपयोग होत नाही.

पायरी १: माहिती कोणत्या कायद्याखाली आली, ते पाहावे

फाइल उघडण्यापूर्वी तिच्यातील माहिती कोणी, कोणत्या अधिकाराने आणि कोणत्या कामासाठी गोळा केली, याची नोंद नस्तीवर घ्यावी. जनगणनेची माहिती असेल तर जनगणना अधिनियम, १९४८ चे कलम १५ लागू होते. त्यानुसार प्रगणकाने केलेल्या नोंदी पाहण्याचा अधिकार कोणालाही नाही आणि त्या कायद्याखालील खटले सोडले तर त्या न्यायालयात पुरावा म्हणूनही चालत नाहीत. १ मार्च २०२७ हा संदर्भ दिनांक धरून होणाऱ्या जनगणनेत जातीची नोंदही होणार असल्यामुळे या कलमाची आठवण प्रगणकांना पुन्हा पुन्हा करून द्यावी लागेल. कारखाने व आस्थापनांच्या पाहण्या सांख्यिकी संकलन अधिनियम, २००८ खाली होतात, आणि तेथे दिलेली माहिती केवळ सांख्यिकी कामासाठीच वापरण्याचे बंधन आहे. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ च्या कलम १७ मध्ये एक तरतूद अनेकांच्या नजरेतून सुटते: मृत्यूच्या नोंदीचा उतारा देता येतो, परंतु त्या उताऱ्यात मृत्यूचे कारण लिहिता येत नाही. एचआयव्हीसंबंधीच्या माहितीसाठी २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे आणि त्याची बंधने अधिक कडक आहेत.

याउलट सातबारा, मतदारयादी किंवा मदतवाटपाची यादी ही प्रशासकीय कामासाठी तयार झालेली असते आणि तिचा काही भाग कायद्यानेच सर्वांना पाहता येतो. सांख्यिकी पाहणी आणि प्रशासकीय नोंद यांतील ही सीमारेषा सर्वांत जपण्यासारखी आहे. प्रशासकीय नोंदीतून सांख्यिकी काढणे योग्य. पण पाहणीत एखाद्याने सांगितलेले उत्पन्न पाहून त्याचे शिधापत्रिकेवरील नाव कमी करावे, अशी सूचना कोणी केली, मग ती कितीही वरून आलेली असो, तर कायद्याचे कलम दाखवून ती लेखी नाकारावी लागते. संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने १९९४ मध्ये स्वीकारलेल्या अधिकृत सांख्यिकीच्या मूलभूत तत्त्वांपैकी सहावे तत्त्व नेमके हेच सांगते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये सांख्यिकी व संशोधनासाठी सूट आहे, पण तीही त्या माहितीच्या आधारे त्या विशिष्ट व्यक्तीबाबत कोणताही निर्णय घेतला जात नसेल, तरच.

पायरी २: स्तंभांची वर्गवारी करावी

फाइलमधील प्रत्येक स्तंभासमोर तो कोणत्या प्रकारचा आहे, हे लिहावे. नाव, आधार क्रमांक, मोबाइल क्रमांक, बँक खाते, गट क्रमांक आणि घराचे अक्षांश-रेखांश यांवरून व्यक्ती थेट ओळखता येते. गाव, वय, लिंग, जात, व्यवसाय, जमिनीचे क्षेत्र, अपंगत्वाचा प्रकार यांवरून ती आडून ओळखता येते. आजार, कर्ज, उत्पन्न यांसारखे स्तंभ संवेदनशील असतात. उरलेल्यांची फारशी चिंता नसते.

नवख्या माणसाचा गैरसमज असा असतो की पहिल्या प्रकारचे स्तंभ काढून टाकले की काम झाले. अमेरिकेत संगणकशास्त्राच्या संशोधक लताना स्वीनी यांनी १९९० च्या दशकात मॅसॅच्युसेट्स राज्यातील, नावे काढून दिलेल्या आरोग्यनोंदी आणि केंब्रिज शहराची मतदारयादी एकमेकींशी जुळवून तेथील गव्हर्नरांची नोंद शोधून काढली. पुढे त्यांनी दाखवले की पिन कोडसारखा विभाग क्रमांक, लिंग आणि पूर्ण जन्मतारीख एवढ्या तीन गोष्टींवरून त्या देशातील सुमारे ८७ टक्के लोक एकमेव ठरतात.

हे आपल्याकडे अधिक सोपे आहे, कारण सातबारा महाराष्ट्रात कोणालाही संगणकावर पाहता येतो. समजा, कृषी पाहणीच्या फाइलमधून नाव व गट क्रमांक काढून पुढील ओळ प्रसिद्ध केली: तालुका आटपाडी, क्षेत्र २ हेक्टर ३७ आर, पीक डाळिंब, सिंचन विहीर, कुटुंबप्रमुख स्त्री, वय ६१, थकीत कर्ज ४ लाख. गावाचे नावही सोबत असेल तर त्या गावात नेमके २ हेक्टर ३७ आर डाळिंब असलेली आणि विहिरीची नोंद असलेली महिला खातेदार बहुधा एकच निघेल. तिचे नाव सातबारावर, वय मतदारयादीत, आणि कर्ज आता आपण जाहीर केलेले. म्हणून क्षेत्र ‘२ ते ४ हेक्टर’ असे गटात द्यावे, वय दहा-दहा वर्षांच्या टप्प्यांत, गावाऐवजी तालुका किंवा महसूल मंडळ, आणि फार मोठ्या मूल्यांना ‘इतके व त्याहून अधिक’ अशी वरची मर्यादा घालावी. हे करून झाल्यावर तालुका, क्षेत्रगट, पीक, लिंग व वयोगट या सर्वांवर एकत्र क्रमवारी लावून कोणत्या जुळणीत किती ओळी आहेत, ते मोजावे. एका जुळणीत निदान किती ओळी हव्यात, हा आकडा आपल्या कार्यालयाने एकदाच लेखी ठरवून सर्व पाहण्यांना सारखा लावावा.

संख्या मोठी असली म्हणजे माणूस गर्दीत लपतो, यावर फार विसंबू नये. २०११ च्या जनगणनेत सातारा जिल्ह्याची लोकसंख्या ३०,०३,७४१ आणि सांगलीची २८,२२,१४३ होती. तरीही सांगलीचे दहा किंवा साताऱ्याचे अकरा तालुके, त्यांतील गावे, लिंग, वयोगट आणि सामाजिक प्रवर्ग अशी विभागणी करत गेले की महाबळेश्वर, जावळी किंवा पाटणच्या डोंगरी वाड्यांत कोष्टकाच्या एकेका चौकटीत एक-दोन माणसेच उरतात. केंद्राच्या श्रमबल पाहणीत जानेवारी २०२५ पासून जिल्हा हाच नमुनानिवडीचा मूळ घटक झाला आहे. जिल्ह्याच्या नियोजनासाठी ही स्वागतार्ह गोष्ट आहे. पण ओळीचे ठिकाण जितके नेमके, तितका तिच्यातील माणूस शोधणे सोपे, हेही तिच्यासोबत येतेच.

पायरी ३: फाइल दोन ठिकाणी विभागून ठेवावी

थेट ओळख सांगणारे स्तंभ एका फाइलमध्ये आणि उत्तरे दुसऱ्या फाइलमध्ये ठेवून दोन्हींना केवळ एका निरर्थक, सोडतीने दिलेल्या क्रमांकाने जोडावे. पहिली फाइल जिल्हा सांख्यिकी अधिकारी आणि त्यांनी लेखी नेमलेली एक व्यक्ती यांच्याकडेच असावी. विश्लेषण करणाऱ्यास ती लागतच नाही. मोबाइल क्रमांकाचे सांकेतिक रूप करून तोच क्रमांक म्हणून वापरण्याची पद्धत काही ठिकाणी दिसते, ती टाळावी. आपल्याकडचे मोबाइल क्रमांक दहा अंकी आणि ६ ते ९ यांपैकी एका अंकाने सुरू होणारे असल्यामुळे एकूण शक्यता ४०० कोटींच्या आत आहेत, आणि त्या सर्व तपासून मूळ क्रमांक शोधणे साध्या संगणकालाही अवघड नाही.

बाकी सुरक्षितता म्हणजे कंटाळवाण्या सवयी: प्रत्येकाचे स्वतंत्र लॉगिन, बदली झालेल्याचे लॉगिन त्याच दिवशी बंद, पेन ड्राइव्हला कुलूपशब्द, बाहेरच्या झेरॉक्स दुकानाच्या संगणकावर फाइल न उघडणे, खासगी ईमेलवरून न पाठवणे, आणि पाहणीच्या कागदी अनुसूची (भरलेल्या प्रश्नावल्या) रद्दीत न घालता नष्ट करून त्याचा पंचनामा ठेवणे.

पायरी ४: कोष्टकातील चौकटी तपासाव्यात

कोष्टकात नावे नसतात, म्हणून ते निर्धोक असते, हा समज व्यवसायविषयक आकडेवारीत विशेषतः महागात पडतो. बेदाण्याच्या शीतगृहांची पाहणी केली आहे असे मानू आणि केवळ उदाहरणादाखल पुढील कल्पित आकडे घेऊ: अ तालुक्यात १४ शीतगृहे व ५,२०० टन साठा, ब मध्ये ९ शीतगृहे व ३,१०० टन, क मध्ये २ शीतगृहे व ६४० टन, ड मध्ये ६ शीतगृहे व १,८५० टन, एकूण ३१ शीतगृहे व १०,७९० टन.

क मधील एका मालकाकडे ४०० टन असतील तर तो ६४० मधून स्वतःचा साठा वजा करून दुसऱ्याकडे २४० टन आहेत, हे क्षणात काढतो. सौद्यांच्या दिवसांत प्रतिस्पर्ध्याचा साठा कळणे म्हणजे काय, हे सांगली आणि तासगावच्या बाजारात कोणालाही समजावून सांगावे लागणार नाही. म्हणून क ची चौकट झाकावी लागते. पण तेवढ्याने भागत नाही, कारण एकूण १०,७९० मधून उरलेल्या तिघांची १०,१५० ही बेरीज वजा केली की ६४० पुन्हा हाती येतात. सबब दुसरी एक चौकट सोबत झाकणे भाग आहे. ती कोणती झाकावी, हे ठरवताना ड कडे नीट पाहावे. तेथे सहा शीतगृहे आहेत, तरी एकट्या मोठ्या शीतगृहाकडे १,६०० टन आहेत आणि दुसऱ्या क्रमांकाच्या मालकाकडे १५० टन, असे असेल तर तो दुसरा मालक १,८५० मधून आपले १५० वजा करून मोठ्याचा साठा १,७०० च्या आत आहे, एवढे जाणतो. हा अंदाज खऱ्या आकड्याहून जेमतेम ६ टक्क्यांनी जास्त आहे. म्हणजे घटकांची संख्या पुरेशी असूनही ड ची चौकट धोक्याचीच होती. क आणि ड एकत्र करून ‘८ शीतगृहे, २,४९० टन’ असे दिले तर सर्वांत जवळ पोहोचणारा ४०० टनांचा मालकही मोठ्याच्या साठ्याचा अंदाज २,०९० पर्यंतच आणू शकतो, म्हणजे सुमारे ३० टक्क्यांनी चुकतो. हे पुरेसे आहे.

हाच निर्णय त्या वर्षाच्या प्रत्येक कोष्टकात सारखा पाळावा. जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचनात क झाकला आणि कोणा संशोधकाला दिलेल्या स्वतंत्र कोष्टकात ‘सहकारी’ व ‘खासगी’ अशा विभागणीत तोच क उघडा राहिला, तर दोन्ही कागद शेजारी ठेवणाऱ्याला वजाबाकीच करायची असते. कोणते कोष्टक कोणाला दिले, याची नोंदवही म्हणूनच लागते. आणखी एक गोष्ट: एखाद्या वस्तीतील सातही कुटुंबे कर्जबाजारी आहेत, असे कोष्टकातून दिसत असेल तर एकही नाव न देता सातही घरांचे कर्ज जाहीर झालेले असते, शून्य आणि शंभर टक्के या दोन्ही प्रकारच्या चौकटींकडे यासाठी लक्ष ठेवावे.

पायरी ५: फाइल बाहेर जाण्यापूर्वी उघडून पाहावी

सर्वाधिक माहिती येथून गळते. एक्सेलमध्ये लपवलेले स्तंभ दोन क्लिकमध्ये परत दिसतात, हे बहुतेकांना ठाऊक असते. पिव्होट कोष्टकाच्या, म्हणजे मोठ्या यादीचा आपोआप गोषवारा काढणाऱ्या तक्त्याच्या, पोटात मूळ माहितीची प्रत राहते, हे मात्र फारसे ठाऊक नसते. मूळ शीट काढून टाकले तरी त्या कोष्टकातील आकड्यावर दोनदा क्लिक केल्यास त्यामागच्या सर्व ओळी, नावांसह, नव्या शीटवर येऊ शकतात. पीडीएफमध्ये नावावर काळी पट्टी ओढली तरी खालचा मजकूर निवडून उतरवून घेता येतो. त्यामुळे बाहेर द्यायचे कोष्टक नव्या, कोऱ्या फाइलमध्ये केवळ मूल्ये चिकटवून तयार करावे आणि ज्याने ते केले नाही अशा सहकाऱ्याकडून आपल्या कार्यालयाच्या जाळ्याबाहेरील संगणकावर उघडून घ्यावे.

पायरी ६: जे खुले करायचे, ते पूर्णपणे खुले करावे

माहिती झाकण्याच्या पायऱ्या शिकलेला कर्मचारी पुढे सगळेच झाकू लागतो, आणि हा दोष पहिल्याइतकाच गंभीर आहे. पीक कापणी प्रयोगांचे उदाहरण घ्यावे. महसूल मंडळाच्या सरासरी उत्पादनावर पीक विम्याची भरपाई अवलंबून असते. जत किंवा माण तालुक्यातील शेतकऱ्याला भरपाई का मिळाली नाही, हे त्याला त्या सरासरीवरूनच तपासता येते. मंडळाची सरासरी, प्रयोगांची संख्या, निवडीची पद्धत आणि तारखा यांत कोणाचेही खासगी असे काही नाही. प्रयोगासाठी निवडलेल्या शेतकऱ्याचे नाव व गट क्रमांक तेवढे वगळावे. बाकीचे दडवण्यास माझ्या मते कोणतेही समर्थन नाही.

केंद्र शासनाच्या २०१२ च्या राष्ट्रीय डेटा सहभाग व उपलब्धता धोरणात माहितीच्या तीन पातळ्या आहेत: सर्वांना खुली, नोंदणी करून मिळणारी आणि प्रतिबंधित. मधली पातळी जिल्ह्यात फार कमी वापरली जाते, ती वापरावी. ओळख काढलेली घटकनिहाय (प्रत्येक व्यक्तीची किंवा कुटुंबाची वेगळी ओळ असलेली) माहिती हवी असलेल्या विद्यापीठातील संशोधकाकडून ती पुन्हा ओळखण्याचा प्रयत्न न करण्याचे, पुढे न देण्याचे आणि काम संपल्यावर नष्ट करण्याचे हमीपत्र घेऊन ती देता येते. राष्ट्रीय नमुना पाहणीची घटकनिहाय माहिती, नावे काढून, संशोधकांना दीर्घकाळ मिळत आली आहे.

खुल्या फाइलसोबत व्याख्या, प्रश्नावली, संदर्भकाळ, नमुन्याचा आकार आणि कोणत्या चौकटी का झाकल्या, हे द्यावे. झाकलेल्या चौकटीत शून्य लिहू नये. झाकलेले, उपलब्ध नसलेले आणि खरोखर शून्य असलेले यांना तीन वेगळी चिन्हे असावीत. आकडे स्कॅन केलेल्या छायाचित्रात न देता सीएसव्ही या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये, मजकूर युनिकोडमध्ये आणि गावासोबत केंद्राच्या स्थानिक शासन निर्देशिकेतील संकेतांक द्यावा, कारण एकाच नावाची गावे दोन तालुक्यांत असतात आणि ‘बुद्रुक’ व ‘खुर्द’ यांची अदलाबदल तर नित्याचीच आहे.

पायरी ७: मदतीच्या याद्या वेगळ्या नियमाने पाहाव्यात

२०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर सांगली, मिरज, पलूस व वाळवा भागांत नुकसानीचे पंचनामे होऊन मदत वाटली गेली. सरकारी मदत कोणाला मिळाली, हे गावाला कळलेच पाहिजे. खोटे नाव घुसले किंवा खरे सुटले, हे चावडीवरची यादी वाचूनच कळते. येथे नाव, गाव, नुकसानीचा प्रकार आणि रक्कम उघड असणे योग्य आहे. बँक खात्याचा क्रमांक, मोबाइल क्रमांक आणि आधार क्रमांक यांची त्या तपासणीसाठी गरज नाही, आणि आधार क्रमांक जाहीरपणे लावण्यास आधार अधिनियम, २०१६ चे कलम २९ मनाई करते. मात्र एकाच नावाच्या दोन व्यक्ती असतील तर वडिलांचे किंवा पतीचे नाव द्यावे लागते. आजारपणाची किंवा अपंगत्वाची मदत असेल तर यादी गावभर लावण्याआधी जिल्हास्तरावर निर्णय घ्यावा.

पायरी ८: माहिती अधिकाराच्या अर्जाला उत्तर देताना

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ नुसार तीस दिवसांत उत्तर द्यायचे असते. वैयक्तिक माहितीसंबंधीचे कलम ८(१)(ञ) डेटा संरक्षण अधिनियमाने बदलले असून तो बदल नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाला आहे. आता वैयक्तिक माहिती या एकाच कारणावरून ती नाकारता येते. या बदलाचा आधार घेऊन कोणत्याही कोष्टकाला नकार देण्याचा मोह होईल. तो टाळावा, कारण गाळून तयार केलेले कोष्टक ही कोणाचीही वैयक्तिक माहिती नसते. कलम ८(२) खाली व्यापक लोकहितासाठी माहिती देण्याची वाट अजून उघडी आहे. आणि कलम १० नुसार अपवादात बसणारा भाग वेगळा करून उरलेला द्यावा लागतो. उत्तरात काय दिले, काय वगळले आणि कोणत्या कलमाने वगळले, हे प्रत्येक स्तंभागणिक लिहावे. जी माहिती पुन्हा पुन्हा मागितली जाते, ती कलम ४ खाली स्वतःहून प्रसिद्ध करून टाकली तर अर्जही कमी होतात.

पायरी ९: चुकून माहिती बाहेर गेल्यास

फाइल चुकीच्या गटावर गेली किंवा संगणकात घुसखोरी झाली, तर आधी फाइल काढून टाकून मग गप्प बसण्याची प्रवृत्ती असते. काढून टाकण्यापूर्वी कोणती फाइल, केव्हा, कोणाकडे गेली आणि तिच्यात कोणते स्तंभ होते, याची नोंद व स्क्रीनचे छायाचित्र घ्यावे, आणि तत्काळ कार्यालयप्रमुखांना तोंडी व लेखी कळवावे. घुसखोरी किंवा माहितीची गळती असल्यास सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या केंद्रीय यंत्रणेला ती लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत कळवण्याचा आदेश २८ एप्रिल २०२२ रोजी निघालेला आहे, आणि तो शासकीय कार्यालयांनाही लागू आहे. ज्यांची माहिती गेली त्यांना साध्या मराठीत पत्र द्यावे: काय बाहेर गेले, काय गेले नाही, खाते क्रमांक गेला असल्यास बँकेत काय सांगावे, आणि शंका असल्यास कार्यालयात कोणाला भेटावे. पत्र वाचता न येणाऱ्यांकडे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांमार्फत निरोप पोहोचवावा. मात्र त्यांच्या हाती यादी देताना तिच्यात फक्त नाव व पत्ताच आहे, याची खात्री करून घ्यावी.